ट्रॉली मागे ओढते, तरी ट्रॅक्टर पुढे जातो तो कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: सोलापूरला अकरावी सायन्सला आहात. नववीत ‘गतीचे नियम’ हा धडा तोंडपाठ होता, मार्कही चांगले पडले, पण आता गणितं सुटत नाहीत. उसाचा ट्रॅक्टर ट्रॉलीला जेवढ्या बलाने पुढे ओढतो, तेवढ्याच बलाने ट्रॉली त्याला मागे ओढते. मग दोन्ही बलं एकमेकांना रद्द करून सगळं जागच्या जागी का राहत नाही? सर म्हणाले, ‘ती बलं वेगवेगळ्या वस्तूंवर आहेत.’ ते पटलं, पण वहीत त्याचं करायचं काय ते कळेना. शिवाय ‘एन बरोबर एमजी’ (पृष्ठभागाचा आधार बरोबर वजन) कधी घ्यायचं आणि कधी नाही, हा गोंधळ आहेच.

सरांचं उत्तर बरोबर आहे, फक्त अर्ध्यावर थांबलंय. तुमचे दोन्ही प्रश्न मुळात एकच आहेत. गणित हातात घेतलं की ‘मी आत्ता नेमक्या कुठल्या एका वस्तूबद्दल बोलतोय’ हे न ठरवताच बाण काढायला सुरुवात होते. वह्यांतली चुकलेली गणितं तपासताना दहातल्या आठ वेळा चूक सूत्रात नसते, आकृतीत असते. सूत्र तर सगळ्यांनाच येतं.

न्यूटनचा दुसरा नियम एका वेळी एकाच वस्तूबद्दल बोलतो. त्या वस्तूवर बाहेरून लागणाऱ्या सगळ्या बलांची बेरीज म्हणजे त्या वस्तूचं वस्तुमान गुणिले तिचं त्वरण. तिसरा नियम मात्र नेहमी दोन वस्तूंबद्दल बोलतो: ‘अ’ने ‘ब’वर लावलेलं बल आणि ‘ब’ने ‘अ’वर लावलेलं बल. एका वस्तूची बेरीज मांडताना या जोडीतलं एकच बल हिशेबात येऊ शकतं, कारण दुसरं त्या वस्तूवर नाहीच. त्यामुळे क्रिया-प्रतिक्रिया एकाच समीकरणात भेटत नाहीत आणि एकमेकींना रद्दही करत नाहीत. आणखी एक: त्यात आधी क्रिया, मग प्रतिक्रिया असा क्रम नसतो. दोन्ही एकाच क्षणी असतात, आणि कुणाला क्रिया म्हणायचं ते तुमच्या मर्जीवर आहे.

आता वहीत करायचं काय ते सांगतो. वस्तू निवडा आणि तिच्याभोवती पेन्सिलने तुटक रेषेचं बंद कुंपण काढा. त्या कुंपणाला बाहेरून काय काय स्पर्श करतंय ते रेषेवर बोट फिरवत शोधा: जमीन, दोरी, हूक, भिंत, हात. स्पर्श करणारी प्रत्येक गोष्ट बल लावू शकते. न शिवता बल लावणारी या धड्यात एकच, ती म्हणजे पृथ्वी. बस, यादी संपली. प्रत्येक बाणाशेजारी ‘कोणी, कोणावर’ हे लिहा: ‘पृथ्वीने पोत्यावर’, ‘जमिनीने पोत्यावर’. ज्या बाणाला ‘कोणी’ सापडत नाही, तो खोडा.

या एका नियमाने सगळ्यात मोठी चूक जागेवर सापडते. कॅरमच्या स्ट्रायकरचं उदाहरण घ्या. बोटातून सुटलेला स्ट्रायकर बोर्डावरून जातोय, त्यावरची बलं काढा असं म्हटलं की बरेच जण पुढच्या दिशेने एक बाण काढतात. विचारलं तर म्हणतात, ‘हे गतीचं बल, नाहीतर तो पुढे जातोय कसा?’ पण हे बल लावतंय कोण? बोट तर मागे राहिलं. स्ट्रायकरवर पृथ्वीचं बल खाली, बोर्डाचं वर आणि बोर्डाचं घर्षण मागे, एवढंच आहे. तो पुढे जातोय कारण त्याच्याकडे आधीचा वेग आहे, आणि वेग टिकायला बल लागत नाही, बदलायला लागतं. पहिला नियम म्हणतो ते एवढंच. ‘एमए’, म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, हाही वेगळा बाण नाही. ती बेरजेची उजवी बाजू आहे, आकृतीत तिला जागा नाही.

आता तुमचा ट्रॅक्टर. आकडे सोपे पडावेत म्हणून धरू: ट्रॅक्टर २,५०० किलो, उसाने भरलेली प्रत्येक ट्रॉली ८,००० किलो, मागे अशा दोन ट्रॉल्या. जी, म्हणजे गुरुत्व त्वरण, १० घेऊ. (सोलापूरच्या अक्षांशाला ते साधारण ९.७८ आहे. पेपरात जे दिलं असेल ते घ्यायचं, दिलं नसेल तर ९.८.) डांबरी रस्त्यावर चाकं फिरताना होणारा रोध वजनाच्या २ टक्के धरू. टायर किती फुगलेत, रस्ता कसा आहे यावर तो बदलतो, शेतातल्या मऊ मातीत तर कित्येक पटींनी वाढतो. गाडी सरळ सपाट रस्त्यावर ०.२ मीटर प्रति सेकंद वर्ग या त्वरणाने वेग घेतेय.

शेवटच्या ट्रॉलीपासून सुरुवात करा, कारण तिला पुढच्या बाजूने एकच हूक शिवतोय. कुंपण फक्त तिच्याभोवती. आडव्या दिशेत दोनच बलं: पुढे हुकाचं बल, मागे रस्त्याचा १,६०० न्यूटन रोध. लागणारी बेरीज ८,००० गुणिले ०.२, म्हणजे १,६०० न्यूटन. म्हणून मागच्या हुकातलं बल ३,२०० न्यूटन.

आता कुंपण पहिल्या ट्रॉलीभोवती. पुढच्या हुकाचं बल पुढे. मागची ट्रॉली तिला ३,२०० न्यूटनने मागे ओढतेय. तिसरा नियम लागला तो इथे: आत्ताच काढलेला आकडा, दिशा उलटी, वस्तू दुसरी. शिवाय रस्त्याचा रोध १,६०० मागे. लागणारी बेरीज पुन्हा १,६००. म्हणून पुढच्या हुकातलं बल ६,४०० न्यूटन.

शेवटी ट्रॅक्टर. ट्रॉली त्याला ६,४०० न्यूटनने मागे ओढतेय, त्याच्या स्वतःच्या चाकांचा रोध ५०० न्यूटन मागे, आणि त्याला लागणारी बेरीज २,५०० गुणिले ०.२ म्हणजे ५०० न्यूटन पुढे. मग पुढच्या दिशेला एकूण ७,४०० न्यूटन कोणीतरी लावायलाच हवेत. कोण लावणार? इथे बहुतेक जण ‘इंजिन’ म्हणतात. पण इंजिन कुंपणाच्या आत आहे, बाहेरून ट्रॅक्टरला शिवत नाही. शिवतोय तो रस्ता. इंजिन मागची चाकं फिरवतं, चाकाचा तळ रस्त्याला मागे रेटतो आणि रस्ता चाकाला पुढे रेटतो. ट्रॅक्टरला पुढे नेणारं बल म्हणजे रस्त्याचं घर्षण, आणि ते पुढच्या दिशेने आहे. ‘घर्षण नेहमी गतीच्या विरुद्ध’ असं पाठ केलं असेल तर ते दुरुस्त करा. घर्षण विरोध करतं ते स्पर्श करणाऱ्या दोन पृष्ठभागांच्या एकमेकांवरून घसरण्याला. चाकाचा तळ मागे घसरू पाहतो, म्हणून घर्षण पुढे.

तर तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर असं: ट्रॅक्टर पुढे जातो कारण रस्ता त्याला ७,४०० न्यूटनने पुढे रेटतो आणि बाकी सगळं मिळून ६,९०० न्यूटनने मागे ओढतं. ट्रॉली पुढे जाते कारण हुकाची ओढ तिच्या रोधापेक्षा जास्त आहे. ट्रॅक्टरची ओढ आणि ट्रॉलीची उलटी ओढ सतत सारखीच राहते, वेग घेताना, एका वेगाने जाताना आणि थांबतानाही.

पडताळा घ्यायचा तर कुंपण तिघांभोवती मिळून काढा. हूक आत गेले, त्यांची बलं हिशेबातून बाद. एकूण १८,५०० किलो, रोध ३,७०० न्यूटन, लागणारी बेरीज ३,७००, म्हणजे रस्त्याचं बल ७,४००. जुळलं. सगळ्यांची मिळून एक वस्तू धरायची की तुकडे पाडायचे, हे काय विचारलंय त्यावर ठरतं. नुसतं त्वरण विचारलं असेल तर एकत्र घ्या, एका ओळीत सुटतं. हुकातलं किंवा दोरीतलं बल विचारलं असेल तर त्या जागी कुंपण कापावंच लागतं. आणि एकत्र घेता येतं ते सगळ्यांचं त्वरण सारखं असेल तेव्हाच.

पण रस्ता हवं तेवढं घर्षण देतो का? नाही. मागच्या चाकांवर ट्रॅक्टरच्या वजनापैकी १५,००० न्यूटन येतंय आणि कोरड्या डांबरावर म्यू, म्हणजे घर्षणाचा गुणांक, ०.७ आहे असं धरलं, तर जास्तीत जास्त १५,००० गुणिले ०.७, म्हणजे १०,५०० न्यूटन मिळतील. लागतात ७,४००, भागलं. पाऊस पडून काळ्या रानात म्यू ०.३ वर आला, तर मिळणार ४,५००, आणि मऊ मातीत रोध तर त्याहून जास्त वाढलेला. मग चाक जागच्या जागी फिरतं आणि इंजिनात ताकद असूनही ट्रॅक्टर हलत नाही.

इथूनच तुमचा दुसरा प्रश्न सुटतो. ‘एन’ म्हणजे नॉर्मल, पृष्ठभागाने वस्तूला काटकोनात दिलेलं बल. त्याला स्वतःचं सूत्र नाही. पृष्ठभागाला काटकोनातल्या दिशेचं समीकरण मांडल्यावर जे उरेल ते एन. पृष्ठभाग आडवा, उभ्या दिशेत त्वरण शून्य आणि उभ्या दिशेत वजन सोडून दुसरं बल नाही, या तिन्ही गोष्टी असतील तरच एन बरोबर एमजी. आणि तेव्हाही वजन आणि एन ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी नव्हे, कारण दोन्ही एकाच वस्तूवर आहेत. वजनाची जोडीदार म्हणजे वस्तूने पृथ्वीला वर ओढणं.

मार्केट यार्डातलं ५० किलोचं कांद्याचं पोतं घ्या. फरशीवर घसरताना म्यू ०.५. दोरी बांधून, आडव्याशी ३० अंश वर, एकसारख्या वेगाने ओढायचं आहे. ओढीचा उभा भाग, म्हणजे साइन ३०, पोतं किंचित उचलतो. म्हणून एन बरोबर ५०० वजा ओढीचा निम्मा भाग. आडव्या दिशेत ओढ गुणिले ०.८६६ बरोबर ०.५ गुणिले एन. सोडवलं की ओढ येते २२४ न्यूटन आणि एन ३८८. आता तेच पोतं मागून ३० अंश खाली दाबत ढकला. या वेळी एन बरोबर ५०० अधिक रेट्याचा निम्मा भाग. रेटा येतो ४०६ न्यूटन, एन ७०३. पोतं तेच, फरशी तीच, आणि मेहनत जवळजवळ दुप्पट. ज्याने दोन्हीकडे एन ५०० धरला त्याला दोन्ही उत्तरं २८९ येतात, आणि ढकलणं जड का जातं हे त्याच्या गणितातून कधीच दिसत नाही.

याच पोत्यावर घर्षणाची दुसरी नेहमीची चूकही बघून घ्या. पोतं जागेवर आहे, स्थितिक घर्षणाचा म्यू ०.६, आणि तुम्ही आडवं १०० न्यूटनने ढकलताय. घर्षण किती? ‘म्यू एन, म्हणजे ३००’ हे उत्तर सर्रास येतं. पण तसं असतं तर पोतं तुमच्याच अंगावर चालून आलं असतं. ३०० ही कमाल मर्यादा आहे. पोतं हलत नाहीये, म्हणून घर्षण बरोबर १०० न्यूटन. स्थितिक घर्षण लागेल तेवढंच असतं, मर्यादेपर्यंत. म्हणून गणितात आधी तपासायचं की वस्तू घसरतेय का, आणि मग ठरवायचं. घसरत असेल तर गतिज म्यू गुणिले एन थेट घाला. घसरत नसेल तर घर्षण अज्ञात धरून समीकरणातून काढा आणि ते मर्यादेच्या आत आहे ना ते बघा.

उतारावर फार वेळ घालवत नाही. अक्ष उताराला समांतर आणि काटकोनात घ्या. वजनाचे दोन भाग पडतात: उताराच्या दिशेने साइन, काटकोनात कोसाइन. गोंधळ झाला तर कोन शून्य करून बघा. उतारच नाही, तर वस्तूला खाली नेणारा भाग शून्य यायला हवा, आणि शून्य येतो तो साइन.

पण उतार आणि घर्षण यांचं एक नातं सोलापूरकराने जरूर समजून घ्यावं. मुंबईहून आपल्याकडे येणाऱ्या गाडीला बोर घाटात ३७ ला १ (३७ मीटर गेल्यावर १ मीटर वर) असा चढ लागतो, म्हणून इंजिन लावून ओढल्या जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं जोडतात. का, ते आता तुम्हाला काढता येईल. धरा, इंजिन १२० टन आणि डबे १,३०० टन. चढावर वजनाचा खाली ओढणारा भाग १४,२०० किलोन्यूटन भागिले ३७, म्हणजे सुमारे ३८४ किलोन्यूटन. रुळाने पुढे रेटायचं ते फक्त इंजिनाच्या चाकांना, आणि त्यांच्यावर वजन १,२०० किलोन्यूटन. म्हणजे म्यू किमान ०.३२ हवा. पोलादी चाक आणि पोलादी रूळ यांच्यात कोरड्या हवेतसुद्धा एवढ्यावर भरवसा ठेवता येत नाही, पावसात तर नाहीच. मागचं इंजिन जोर देतंच, शिवाय रुळावर दाबणारी चालती, म्हणजे मोटरने फिरवलेली, चाकंही वाढवतं. मुंबई-सोलापूर वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झाली, ती हाच घाट मागच्या इंजिनाविना चढते. तिच्या निम्म्या आसांना मोटरी आहेत, म्हणजे गाडीचं साधारण निम्मं वजन चालत्या चाकांवर येतं. लागणारा म्यू १ भागिले ३७, भागिले ०.५, म्हणजे ०.०५४. एवढा ओल्या रुळावरही मिळतो. यात वस्तुमान कुठेच उरलं नाही हेही पाहून ठेवा. गाडी रिकामी असो की भरलेली, हा आकडा तोच राहतो.

एसटीने ब्रेक मारला की उभा माणूस पुढे का फेकला जातो, हेही तुम्ही एका ओळीत विचारलंय, ते सांगतो. ब्रेक लागल्यावर उभ्या माणसाला पुढे फेकणारं बल शोधू नका, ते नाही. गाडीच्या पत्र्याने घर्षणाने पाय थांबवले, धड जुन्या वेगाने जात राहिलं. रस्त्यावर उभं राहून पाहणाऱ्याचा हा हिशेब झाला. गाडीतच बसून हिशेब करायचा असेल तर प्रत्येक वस्तूवर पुढच्या दिशेने एक आभासी बल जोडावं लागतं. दोन्ही पद्धती चालतात, पण एका गणितात एकच. सवय पक्की होईपर्यंत रस्त्यावरूनच बघा.

शेवटी, हात बसावा म्हणून तोच ट्रॅक्टर उलट दिशेने करून बघा. ट्रॉल्यांना ब्रेक नाहीत, फक्त ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना आहेत, आणि गाडी १ मीटर प्रति सेकंद वर्गाने थांबवायची आहे. कुंपणं तशीच काढा, पुढची दिशा धन धरा, त्वरण उणे १. मागच्या ट्रॉलीला मागच्या दिशेने ८,००० न्यूटन हवेत, त्यातले १,६०० रोध देतो, म्हणून हुकातलं बल उणे ६,४०० येतं. उणे चिन्ह आलं म्हणजे गणित चुकलं असं समजून खोडू नका. त्याचा अर्थ एवढाच की हूक आता ओढत नाही, दाबतोय. हीच रीत पुढे नेली की पुढच्या हुकात १२,८०० न्यूटन दाब येतो, म्हणजे ट्रॉल्या ट्रॅक्टरला तेवढ्या बलाने पुढे ढकलतायत. आणि रस्त्याने चाकांवर मागच्या दिशेने लावायचं बल येतं १४,८०० न्यूटन.

आता मर्यादा आठवा: १०,५००. म्हणजे कोरड्या डांबरावरसुद्धा ही गाडी एवढ्या मंदनाने थांबूच शकत नाही. चालकाने पाय कितीही जोरात दाबला तरी चाकं अडकून घसरतील आणि मागच्या ट्रॉल्या ट्रॅक्टरला तिरका ढकलतील. मिळू शकणारं मंदन १०,५०० अधिक ३,७००, भागिले १८,५००, म्हणजे साधारण ०.७७. ताशी २० किलोमीटर वेगाने ब्रेक लावला तर थांबायला २० मीटर लागतात. प्रत्यक्षात याहूनही जास्त, कारण मागून येणारा रेटा हुकाच्या उंचीवर लागतो, त्याने वजन पुढच्या चाकांवर सरकतं आणि ब्रेक असलेल्या मागच्या चाकांखालचा एन कमी होतो. ऊस वाहतुकीच्या दिवसांत दोन ट्रॉल्यांच्या पुढे गाडी घालून ब्रेक मारू नये, ते या आकड्यांमुळे. ताशी ३० किलोमीटरला किती अंतर लागेल ते तुम्ही काढा. उत्तर ४५ मीटरच्या आसपास यायला हवं. न आल्यास आधी ताशी किलोमीटरचे मीटर प्रति सेकंद केले होते का ते पाहा.